आजचे वचन आणि सत्तर वर्षांची वाट
हॉर्नबीसारख्या दूरच्या उपनगरात मराठी ख्रिस्ती घरांत रोज वाचली जाणारी बायबलमधील वचने आली कुठून, आणि ती वाचावीत कशी?

नगर जिल्ह्यातील एखाद्या घरात सकाळी सहा वाजता उपासना आटोपते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आजचे वचन’ पाठवले जाते, आणि ते न्यूझीलंडमधील हॉर्नबीत पोचते तेव्हा तिथे उन्हाळ्यात दुपारचा दीड वाजलेला असतो, हिवाळ्यात साडेबारा. पाठवणाऱ्या आत्याचा दिवस नुकता उजाडलेला असतो. वाचणारा भाचा जेवणाचा डबा उघडत असतो. मागे सूर्योदयाचे चित्र, त्यावर बायबलमधील एक-दोन ओळी, खाली पुस्तकाचे नाव, अध्याय आणि वचनाचा क्रमांक. या लहानशा चित्राने परदेशातील कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबांना माहेराशी आणि मंडळीशी बांधून ठेवले आहे.

हॉर्नबी हे ख्राइस्टचर्चच्या पश्चिम टोकाचे उपनगर. विमानतळ जवळ, गोदामे आणि कारखाने आजूबाजूला, मेन साउथ रोडवर मालमोटारींची वर्दळ. २०११ च्या भूकंपानंतर शहराचा भार पश्चिमेकडे सरकला, आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना घर व काम या दोन्हींसाठी हा भाग सोयीचा ठरला. २०२३ च्या जनगणनेनुसार न्यूझीलंडमधील ५१.६ टक्के लोक आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगतात. महाराष्ट्रातही ख्रिस्ती समाज लहानच, २०११ च्या जनगणनेत सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी. एका अल्पसंख्येतून निघून दुसऱ्या, काहीशा उदासीन समाजात आलेल्या माणसाला रोजच्या वचनाचा आधार का वाटतो, हे समजणे अवघड नाही.

अवघड आहे ते पुढचे. ज्या वचनावर माणूस टेकतो, त्याचा अर्थ तो समजतो तसा आहे का?

सर्वाधिक पाठवल्या जाणाऱ्या वचनांत यिर्मयाच्या पुस्तकातील २९ व्या अध्यायाचे अकरावे वचन हमखास असते. तुमच्याविषयी माझ्या मनात जे आहे ते भल्याचे आहे, अनिष्टाचे नाही, तुम्हाला आशेचे भविष्य मिळेल, असा देवाचा दिलासा त्यात आहे. नोकरीची मुलाखत, निवासी परवान्याचा अर्ज, गृहकर्ज, मुलाची परीक्षा अशा कोणत्याही प्रसंगी हे वचन पाठवता येते आणि पाठवले जाते. न्यूझीलंडने कुशल स्थलांतरितांच्या अर्जांची निवड एप्रिल २०२० मध्ये थांबवली आणि ती थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू केली. त्या काळात ताटकळलेल्या कुटुंबांसाठी हे वचन म्हणजे जणू सरकारी उत्तराची आगाऊ प्रत झाले असेल, तर नवल नाही. मात्र अर्ज फेटाळला गेला की त्याच वचनाची बोच उलटी लागते. देवाने शब्द दिला होता आणि पाळला नाही, किंवा आपला विश्वासच तोकडा पडला, असे दोनच निष्कर्ष मग समोर उरतात. दोन्ही चुकीचे आहेत, कारण मूळ पत्र वेगळेच काही सांगते.

पत्र कोणाला लिहिले होते?

यिर्मयाचा २९ वा अध्याय हे खरोखरच एक पत्र आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून राजा, दरबारी आणि त्यांच्यासोबत कारागीर व लोहार यांना उचलून नेले. बाबेलला हवी होती ती हाताला कसब असलेली माणसे. आजच्या भाषेत बोलायचे तर कुशल मनुष्यबळ; फरक एवढाच की ते स्वतःहून गेले नव्हते. यरुशलेमेत मागे राहिलेल्या यिर्मयाने या परागंदा लोकांना पत्र धाडले.

त्याआधीच्या म्हणजे २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. दोन वर्षांत सारे परत येतील, राजाही येईल, मंदिरातील लुटलेली भांडीही येतील, असे तो भर मंदिरात जाहीर करतो. लोकांना ऐकायचे होते ते हेच. यिर्मयाने मात्र लिहिले की सत्तर वर्षे लागतील. याचा साधा अर्थ असा की, पत्र वाचणाऱ्या बहुतेक प्रौढांना घरी परतणे पाहायला मिळणार नव्हते. अकरावे वचन लगेच त्यापाठोपाठ येते. सत्तर वर्षांचा उल्लेख दहाव्या वचनात आहे. चित्रावर अकरावे छापले जाते, दहावे छापले जात नाही.

मग या सत्तर वर्षांत करायचे काय? त्याचे उत्तर पत्राच्या सुरुवातीलाच आहे आणि ते कमालीचे व्यवहारी आहे. घरे बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळे खा. लग्ने करा, मुलांची लग्ने लावून द्या, संख्येने घटू नका. आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे. नगर म्हणजे बाबेल, शत्रूची राजधानी, हे ध्यानात घेतले की या सूचनेची धार कळते.

येथे मूळ हिब्रू भाषेकडे पाहण्यासारखे आहे. नगराच्या कल्याणासाठी सातव्या वचनात जो ‘शालोम’ हा शब्द तीनदा येतो, तोच अकराव्या वचनात देवाच्या योजनेसाठी वापरलेला आहे. म्हणजे ज्या भल्याचे आश्वासन दिले आहे, ते शेजाऱ्यांच्या भल्यापासून तोडून घेता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की वचनातला संबोधित ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे. इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच सर्वनाम असल्याने ते वचन सहज ‘माझे’ होऊन बसते. मराठी बायबलमध्ये देव एका माणसाशी बोलतो तेव्हा ‘तू’ म्हणतो. यहोशवाला धीर देतानाही ‘तू’च. त्यामुळे यिर्मयाच्या पत्रातील ‘तुम्ही’ हा आदरार्थी नसून समुदायाचा आहे, हे मराठी वाचकाला विनासायास कळू शकते. मुलांना इंग्रजीत शिकवण्याच्या धांदलीत ज्या गोष्टी हातातून निसटतात, त्यांपैकी ही एक.

हॉर्नबीच्या संदर्भात हे पत्र फार जवळचे वाटते. मेन साउथ रोडने शहराकडे निघाले की पुढे रिकर्टन रोड लागतो आणि त्याच्या टोकाला डीन्स अव्हेन्यू. तिथल्या अल नूर मशिदीत आणि लिनवूडच्या मशिदीत १५ मार्च २०१९ रोजी ५१ जणांची हत्या झाली. मृतांमध्ये भारतातून आलेलेही होते. नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा, ही आज्ञा या शहरात अमूर्त राहत नाही. ती शेजारच्या मुस्लिम कुटुंबाच्या दाराशी जाऊन थांबते. ख्रिस्ती मराठी माणसाने अकरावे वचन घ्यावे, जरूर घ्यावे, पण सातव्यासकट.

निर्वासितांच्या वसाहतीत जन्मलेली प्रथा

दररोज एक वचन ही प्रथा फार प्राचीन नाही. बायबलला वचनांचे क्रमांकच मुळात उशिरा मिळाले. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातील स्टीफन लँग्टन यांच्याकडे जाते, आणि नव्या कराराची वचनवार क्रमांकांसह आवृत्ती रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये काढली. क्रमांक आले आणि वचन मजकुरातून सुटे काढणे सोपे झाले. त्याआधी कोणी ‘यिर्मया २९:११’ असे म्हणूच शकत नव्हते.

रोजच्या वचनाची आज चालत आलेली सर्वात जुनी मुद्रित परंपरा जर्मनीतील हेर्नहूट या खेड्यातली. मोराव्हियातून धार्मिक छळाला कंटाळून पळालेल्या लोकांना काउंट त्सिन्झेनडॉर्फ यांनी १७२२ मध्ये आपल्या जमिनीवर आश्रय दिला. ३ मे १७२८ च्या संध्याकाळच्या उपासनेत त्यांनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले. पुढे रोज सकाळी कोणीतरी घरोघर जाऊन ते सांगू लागले. सोबत आजारी कोण, अडचणीत कोण, याची विचारपूसही होई. १७३१ पासून वर्षभराची वचने पुस्तकरूपात निघू लागली, ती आजतागायत. ही पुस्तिका आता पन्नासहून अधिक भाषांत निघते.

या वचनांची निवड चिठ्ठी टाकून होते. जुन्या करारातील सुमारे १८०० वचनांच्या संचातून दरवर्षी हेर्नहूटमध्ये सोडत काढली जाते, तीही तीन वर्षे आधी. मग त्या वचनाशी जुळणारे नव्या करारातील वचन संपादक विचारपूर्वक निवडतात. कोकणातील वाचकाला यात देवाला कौल लावण्याची आठवण होईल, तुलसीभक्ताला रामशलाकेची. परंतु फरक मोठा आहे. कौल एकाच्या प्रश्नाला असतो. हेर्नहूटची चिठ्ठी कोणाच्याच प्रश्नाला नसते. त्या दिवशी ज्याला बढती मिळाली आणि ज्याची नोकरी गेली, त्या दोघांच्या हातात तेच वचन असते. वाचणाऱ्याने आपला दिवस त्या वचनासमोर ठेवायचा असतो. वचनाने त्याच्या दिवसाचे भाकीत करावे, अशी अपेक्षा नसते.

मोबाइलवरील ॲप हे या परंपरेचेच पुढचे रूप. यूव्हर्जन हे बायबलचे ॲप २००८ मध्ये आले आणि त्यावर मराठी भाषांतरेही उपलब्ध आहेत. २०२० या महामारीच्या वर्षात त्याच्या जगभरच्या वाचकांनी सर्वाधिक जवळ केलेले वचन यशयाच्या ४१ व्या अध्यायातील दहावे होते: भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे, अशा आशयाचे. तेही परागंदा झालेल्यांनाच उद्देशून आहे. तिथला ‘तू’ मात्र एका व्यक्तीचा नसून सबंध इस्राएलाचा आहे. दिलासा देणारी इतकी वचने हद्दपारीच्या काळातून यावीत, हा योगायोग नसावा.

खुद्द न्यूझीलंडच्या इतिहासातही याचे पडसाद आहेत. २५ डिसेंबर १८१४ रोजी बे ऑफ आयलंड्समध्ये सॅम्युएल मार्सडेन यांनी या देशातील पहिले म्हणून ओळखले जाणारे ख्रिस्ती प्रवचन दिले, ते लूकच्या दुसऱ्या अध्यायातील एका वचनावर, मोठ्या आनंदाच्या वार्तेवर. माओरी नेते रुआतारा यांनी त्याचा आशय आपल्या लोकांना समजावून सांगितला. पुढे १८६६ ते १८६८ या काळात चॅथम बेटांवर हद्दपार केलेल्या ते कूटी यांनी बायबलचा अभ्यास करून रिंगाटू पंथाची पायाभरणी केली. त्या पंथाच्या उपासनेत शास्त्रातील लांबलचक उतारे मुखोद्गत म्हटले जातात. सुटे वचन नव्हे, माळच.

मराठी रीत

मराठीत हा विचार नवा नाही. ज्ञानेश्वरीतील निदान एखादी ओवी रोज अनुभवावी, हा नामदेवांचा आग्रह वारकरी घरांत आजही पाळला जातो. पण त्याच घरांत पारायणही असते, आणि कीर्तनही. नारदीय कीर्तनाची घडण पाहावी: पूर्वरंगात एका अभंगाचे निरूपण, उत्तररंगात त्याला उजळवणारे आख्यान. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाचा साचा आपलासा केला, आणि नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग, भजन व कीर्तन यांतून ख्रिस्ती भक्तीला अस्सल मराठी वळण दिले. त्या रीतीत वचन कधीच उघडे पडत नाही. त्याच्या मागे कथा उभी असते. व्हॉट्सॲपवरील चित्र म्हणजे नुसता पूर्वरंग, तोही पहिल्या ओळीवर थांबलेला.

टिळकांचा स्वतःचा अनुभवही बोलका आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांनी तो शिस्तीने, क्रमाने वाचायला घेतला आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळले. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) हाती प्रथम आले ते आसामातील सिल्चर येथे, बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान. दोघांनाही हलवले ते एका निवडक वचनाने नाही, सलग वाचनाने.

रमाबाईंनी तर पुढचे पाऊल टाकले. बंगालातील श्रीरामपूर येथे (आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे) १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले होते, आणि नंतरच्या शतकभरात मराठी बायबलच्या आवृत्त्या होत राहिल्या. पण त्यांची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बायकांना कळत नाही, असे रमाबाईंना वाटे. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी खर्ची घातली. केडगावच्या मुक्ती मिशनमधील छापखान्यात तेथील स्त्रियांच्याच हातांनी ते छापले गेले. प्रकाशन झाले १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. दुष्काळातून वाचलेल्या मुलीला निवडक सुविचार पुरे आहेत, असे त्यांनी मानले नाही. तिच्या हाती सगळे पुस्तक द्यायचे, तेही तिला कळेल असे, हा त्यांचा हट्ट होता.

वसईच्या कॅथलिक घरांत वेगळी शिस्त आढळते. तिथे दिवसाचे वाचन व्यक्तीच्या आवडीवर सोडलेले नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ठरलेल्या क्रमानुसार रविवारची वाचने तीन वर्षांच्या आणि इतर दिवसांची दोन वर्षांच्या चक्रात येतात. वसईच्या घरातील वाचन आणि हॉर्नबीजवळच्या चर्चमधील वाचन साधारणपणे एकच असते, फक्त भाषा वेगळी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ अशा वाचकांना विशेष उपयोगी पडते. त्यातील नव्या कराराला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता.

वचनाचा गैरवापर, खुद्द बायबलमध्ये

सुट्या वचनाचा धोका बायबलने स्वतःच दाखवला आहे. येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाक म्हणणारा सैतान आधारासाठी ९१ वे स्तोत्र उद्धृत करतो: देवदूत तुला हातांवर झेलतील. येशू उत्तर देतो तेही वचनानेच, देवाची परीक्षा पाहू नये या अनुवादातील आज्ञेने. महामारीत हेच ९१ वे स्तोत्र घरोघर फिरले. त्यात मरीपासून संरक्षणाचा उल्लेख आहे, आणि काहींनी त्याचा अर्थ खबरदारीची गरज नाही असा काढला. सैतानाने काढलेला अर्थ याहून फार वेगळा नव्हता.

त्या काळाची दुसरी बाजू अधिक हळवी. न्यूझीलंडच्या सीमा १९ मार्च २०२० पासून बहुतेक सर्व परदेशी प्रवाशांना बंद झाल्या आणि ३१ जुलै २०२२ ला पूर्ण उघडल्या. तिकडे आई-वडील अंथरुणावर, इकडे मुले अडकलेली. अशा वेळी ‘सर्व चांगलेच होईल’ या सुराचे वचन पाठवणे म्हणजे दुःखाला गप्प बसवणे. बायबलमध्ये त्यासाठी दुसरे दालन आहे. देवाची दया रोज सकाळी नवी असते, हे प्रभातकाळचे आवडते वचन विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि ते पुस्तक बेचिराख झालेल्या यरुशलेमेचा आक्रोश आहे. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ जीव गमावलेल्या आणि कॅथीड्रलचा मनोरा कोसळलेला पाहिलेल्या शहरात ते वचन सूर्योदयाच्या चित्रावर थोडे विसंगत दिसते. ढिगाऱ्याच्या चित्रावर ते शोभले असते.

मग वचनातून मार्गदर्शन घ्यायचेच नाही का? ख्रिस्ती परंपरेचे उत्तर तसे नाही. संत ऑगस्टीनचे परिवर्तन ३८६ मध्ये मिलानच्या बागेत पौलाचे पत्र उघडून समोर आलेले वचन वाचतानाच झाले. त्याच ऑगस्टीनने पुढे, ऐहिक कामकाजासाठी शुभवर्तमानाच्या पानांतून कौल काढण्याची रीत आपल्याला पसंत नसल्याचे लिहिले. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांचे उदाहरण परदेशस्थ वाचकाला अधिक भिडेल. जून १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. तिथे राहिले असते तर ते सुरक्षित होते. आठवडाभर तळमळून, स्वतःच्या हेतूंची कठोर झडती घेऊन त्यांनी २० जूनला तिथली नेमणूक नाकारली. २६ जूनला त्यांच्या वाचनात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील, हिवाळ्यापूर्वी निघून ये, ही पौलाची विनंती आली. ती स्वतःला लावून घेणे हा शास्त्राचा गैरवापर ठरू नये, असे त्यांनी दैनंदिनीत नोंदवले. जुलैत ते जर्मनीला परतले. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्यांना फाशी दिले. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. निर्णय आधी झाला, तोही विचाराने. वचन सहा दिवसांनी आले. शिवाय ते वचन सोयीच्या दिशेने बोट दाखवत नव्हते.

हॉर्नबीतील घरासाठी यातून निघणारी पद्धत साधी आहे. वचन आले की त्याचा अध्याय उघडावा. यिर्मयाचा २९ वा अध्याय सावकाश वाचला तरी पाच-सहा मिनिटांहून अधिक लागत नाहीत. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, एकटा की समुदाय, आणि लगेच आधी काय म्हटले आहे, एवढे पाहिले तरी बहुतेक गैरसमज टळतात. परवाना, नोकरी, शस्त्रक्रिया यांचे निर्णय कागदपत्रे, जाणकारांचा सल्ला आणि घरच्यांशी चर्चा यांवरच घ्यावेत. वचन त्या चर्चेला बसण्याचे बळ देते. दुसऱ्याला पाठवण्याआधी त्याच्या घरी आज काय चालले आहे, हे फोन करून विचारावे. हेर्नहूटमध्ये वचन सांगायला जाणारा माणूस तेच करत असे.

मुलांचा प्रश्न मात्र वेगळा. इथे वाढणारी मुले देवनागरी अडखळत वाचतात आणि जुन्या भाषांतरातील शब्दांपाशी थबकतात. ॲपमध्ये मराठी आणि इंग्रजी भाषांतरे शेजारी-शेजारी लावता येतात. एकाने मराठी वाचावे, दुसऱ्याने इंग्रजी, आणि जिथे दोन्ही वेगळे वाटतील तिथे थांबावे. ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांतला भेद बारा वर्षांच्या मुलाला तिथेच दाखवता येतो.